ढिला स्क्रू आणि उसना आकडा

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या नात्यातले एक काका मक्याचे कणीस खात होते. खालच्या डाव्या दाढेशी बारीक 'टक्' झाले. जिभेने ढकलून पाहिले तर दाढ किंचित फिरत होती. ही दाढ त्यांची जन्माची नव्हे. अडीच वर्षांपूर्वी मोठ्या शहरात जाऊन, चांगले पैसे मोजून बसवून घेतलेली ती इम्प्लांटवरची दाढ. घरात लगेच सूर लागला, "पैसे पाण्यात गेले." गावातल्या डॉक्टरांनी तपासून वेगळेच सांगितले. "काका, हाडातला भाग पक्का आहे. वरची कॅप धरून ठेवणारा आतला स्क्रू ढिला झालाय. आवळून देता येईल, पण त्या कंपनीचा पाना लागेल. कंपनी कोणती?"

ते कोणालाच ठाऊक नव्हते. कागद जपून ठेवला नव्हता. खरे सांगायचे तर कोणी दिलाही नव्हता आणि यांनी मागितलाही नव्हता. शहरातल्या दवाखान्यात नोंद सापडायला आठवडा गेला. त्या आठवड्यात घरातली तरुण मंडळी वाचायला बसली. एका पुतण्याने जाहीर केले, "पहिल्याच वर्षात शंभरात सव्वीस स्क्रू ढिले होतात, छापून आलंय." दुसऱ्याने सांगितले, "नाही काका, तीन वर्षांत शंभरात तीनसुद्धा होत नाहीत. हेही छापूनच आलंय." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही साहित्यवाले. छापलेल्यातलं खरं कोणतं, ते तुम्ही सांगा."

साहित्याच्या व्याख्यानमालेत दातांचे काय काम, असे वाटले असेल तर त्याचे उत्तर काकांच्या या प्रश्नात आहे. दोन्ही आकडे खरोखरच छापलेले आहेत आणि दोन्ही जबाबदार माणसांनी छापलेले आहेत. ते कुठून आले, कोणी कोणाच्या हवाल्याने पुढे नेले आणि वाटेत त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी आधी त्या स्क्रूकडे जावे लागेल.

इम्प्लांटचा दात म्हणजे तीन वस्तूंचा जोड. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा आटे पाडलेला खुंट. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा मधला खांब, ज्याला दवाखान्यात अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर आपल्याला दिसणारी कॅप. खुंट आणि खांब यांना एकत्र धरतो तो जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधले पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करताना जवळपास अपघातानेच उमगले. हाडातले रक्ताभिसरण पाहण्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी काढायला गेले, तर ती निघेना. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी योस्ता लार्सन नावाच्या गृहस्थांच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते त्यांना पुरले. म्हणजे हाडातला सांधा चाळीस वर्षे टिकतो. कुरकुर करतो तो वरचा, माणसाने केलेला सांधा.

स्क्रू कशामुळे टिकतो? आपला समज असा, की आटे एकमेकांत अडकतात म्हणून. ते अर्धेच खरे. आवळताना स्क्रू अगदी सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, आणि ताणलेला असल्यामुळे आखडू पाहतो. त्या आखडण्याच्या ओढीने खुंट आणि खांब एकमेकांवर दाबून बसतात. चावताना दाढेवर येणारा जोर या दोघांना विलग करू पाहतो. विलग करणारा जोर दाबून धरणाऱ्या ओढीपेक्षा कमी आहे तोवर सांधा पक्का. ओढ कमी पडली की सांध्यात हालचाल सुरू होते, प्रत्येक घासाबरोबर स्क्रू केसभर मागे फिरतो, आणि एके दिवशी कणसाशी 'टक्' होते.

ही ओढ पहिल्यापासूनच गळत असते. आपल्या घरांतल्या जुन्या बाजा आठवा. नवी विणलेली बाज पहिल्या दिवशी कशी टणक असते! चार रात्री झोपले की दोर बसतो, मध्ये झोळ येतो, आणि पायाकडची दोरी पुन्हा ओढून घ्यावी लागते. स्क्रूचेही तसेच. आटे कितीही गुळगुळीत केले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते खडबडीतच दिसतात. आवळल्यावर त्यांचे उंचवटे दबून सपाट होतात आणि तेवढी ओढ कमी होते. प्रयोगांत ही घट साधारण २ ते १० टक्के आढळली आहे, आणि ती पहिल्या काही मिनिटांतच होते. म्हणून स्क्रू ठरल्या ताकदीने आवळायचा, दहा मिनिटे थांबायचे आणि त्याच ताकदीने पुन्हा आवळायचा, अशी रीत पडली. ताकद बहुतेक कंपन्या ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर सांगतात. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण ३५० ग्रॅम वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तेवढा. नुसत्या बोटांनी तो नेमका साधत नाही, त्यासाठी ताकद मोजणारा पाना लागतो. त्यातही गंमत अशी, की लावलेल्या पिळातला मोठा हिस्सा आट्यांच्या आणि स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणातच खर्ची पडतो. ओढ म्हणून हाती लागतो तो जेमतेम दहावा भाग.

'मग स्क्रू हवाच कशाला?' असे निर्मलचा माणूस विचारणारच. आपल्या नक्काशांनी पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीत भुसा मिसळून असे सांधले, की खेळण्यातला हत्ती फुटेल पण सोंड निखळणार नाही. दातातही खळीचा पर्याय आहे. कॅप खांबावर सिमेंटने चिकटवतात. पण खाली स्क्रू असतोच, आणि तो ढिला झाला की चिकटलेली कॅप अंदाजाने भोक पाडून उघडावी लागते. स्क्रूने बसवलेल्या कॅपला वरून छोटे छिद्र ठेवून ते भरलेले असते. छिद्र दिसायला जरा वाईट, उघडायला सोपे. काकांच्या दाढेला छिद्र होते, हे त्यांचे नशीब.

आता आकड्यांकडे. ब्रोनेमार्क यांच्या पहिल्या पद्धतीत सगळे दात गेलेल्या माणसाच्या जबड्यात पाच-सहा खुंट बसवून ते एका पुलाने बांधत. खुंटाच्या माथ्यावर ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोन असे, तो मुळात खुंट हाडात फिरवून बसवण्यासाठी पकड म्हणून. सहा खुंट एकमेकांना बांधलेले असताना एकट्याने फिरण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे हाच खुंट एकेका सुट्या दातासाठी वापरात आला. तेव्हा चावण्याचा सगळा पीळ त्या बुटक्या षटकोनावर आणि एका स्क्रूवर पडू लागला. १९९१ मध्ये टॉर्स्टेन येम्ट आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांतल्या सुट्या दातांचा एका वर्षाचा अहवाल छापला. त्यात पहिल्या वर्षात २६ टक्के स्क्रू पुन्हा आवळावे लागल्याची नोंद आहे. पहिल्या पुतण्याचा सव्वीस तो हा. १९९५ मध्ये बेकर द्वयाने केवळ दाढांचा आढावा घेतला, तेव्हा आकडा ३८ पर्यंत गेला. दाढेवर जोर जास्त, आणि एका खुंटावरची दाढ रुंद असल्याने कडेला पडणारा घास तरफेसारखा काम करतो.

त्यानंतर सांध्याची घडण बदलली. सोन्याच्या मिश्रधातूचे स्क्रू आले, ताकद मोजणारे पाने आले, बाहेरच्या षटकोनाऐवजी खुंटाच्या आत खोल शिरणारे जोड आले. २००८ मध्ये थिओहारिडू आणि सहकाऱ्यांनी सुट्या दातांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. तीन वर्षांनी बाहेरच्या जोडाचे ९७.३ आणि आतल्या जोडाचे ९७.६ टक्के दात या तक्रारीपासून मुक्त होते. हा दुसऱ्या पुतण्याचा आकडा. आणि त्याच २००८ मध्ये युंग आणि सहकाऱ्यांचा आढावा निघाला, त्यात पाच वर्षांत ढिले होण्याचे प्रमाण १२.७ टक्के! २०१२ मध्ये त्याच गटाने नव्याने मोजले तेव्हा ते ८.८ वर आले.

यात खोटे कोणीच बोलत नाही. मुदत वेगळी, निवडलेले अभ्यास वेगळे, सांधे वेगळे. पण सगळ्यात महत्त्वाचे वाक्य थिओहारिडू यांच्या निष्कर्षात आहे. स्क्रू ढिला होणे विरळाच, असे त्या म्हणतात, पण एका अटीवर: फिरणे रोखणारी घडण नीट असेल आणि स्क्रू योग्य ताकदीने आवळलेला असेल तर. पुढच्या लेखकाने हवाला देताना अट गाळून 'विरळा' एवढेच उचलले, तर ते वाक्य त्याच्या सांध्यातून निखळले. सव्वीसचेही तेच. तो आकडा १९९१ च्या घडणीचा. आजच्या कागदावर तारीख न सांगता तो मांडला, तर छापील असूनही तो दिशाभूल करतो.

आणि उचलणारे मूळ लेख वाचतात का? याचे एक चोख उत्तर निघालेले आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ च्या आसपास भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचे ४३०० हवाले तपासले. १९६ हवाल्यांत वर्ष, खंड किंवा पानाचा आकडा चुकलेला होता. पण निरनिराळ्या चुका फक्त ४५. पानाची एक ठरावीक चूक तर ७८ वेळा जशीच्या तशी! इतकी माणसे स्वतंत्रपणे नेमके तेच चुकीचे पान लिहिणार नाहीत. एकाने चुकवले, बाकीच्यांनी त्याच्यावरून उतरवून घेतले. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की हवाला देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचत असावेत.

पोथ्यांत रमलेल्या मराठी माणसाला ही युक्ती नवी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. १९२५ पासून वि. स. सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या समोर मांडून कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हे ठरवायचे होते. दोन पोथ्यांत एकच प्रक्षेप, एकच गाळलेली ओळ, एकच चूक सापडली तर दोघींची आजी एक. बरोबर पाठावरून नाते सिद्ध होत नाही, कारण बरोबर पाठ कुठूनही येऊ शकतो. नाते सिद्ध होते चुकीवरून. लेखनिकाची चूक पोथ्यांचा वंशवृक्ष दाखवते, तशी छापखान्यातली चूक हवाल्यांचा.

हवाले मोजण्याच्या शास्त्राचा उगमही वाचनालयात आणि कोर्टात आहे. अमेरिकेत १८७३ पासून वकिलांसाठी 'शेपर्ड' नावाची सूची निघे. कोणत्या जुन्या निकालाचा हवाला पुढे कोणत्या खटल्यात आला आणि तो निकाल अजून चालतो की मोडीत निघाला, हे तीत दिसे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सुचवले, की विज्ञानासाठीही असेच करावे. १९६४ पासून त्यांची हवाल्यांची सूची बाजारात आली. आपले ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी त्याआधीच, १९४८ मध्ये, ग्रंथव्यवहार संख्येने मोजण्याच्या विद्येला 'लायब्रामेट्री' असे नाव सुचवले होते. दोन सूचींतला एक फरक माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. वकिलांच्या सूचीत जुना निकाल उलटवला गेला तर तशी खूण असे. विज्ञानाच्या मोजणीत 'हे बरोबर आहे' म्हणून दिलेला हवाला एक, आणि 'हे साफ चुकले' म्हणून दिलेलाही एकच. २००५ मध्ये हर्श यांनी काढलेला एच-निर्देशांकही असाच मुका. ज्याचे दहा लेख प्रत्येकी किमान दहादा उद्धृत झाले त्याचा निर्देशांक दहा. कशासाठी उद्धृत झाले, ते तो सांगत नाही.

लेखक कोण, हा प्रश्न तर आपला जुनाच आहे. संतांनी अभंगात नाममुद्रा गुंफली, तरी घोटाळे टळले नाहीत. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाचे अभंग मिसळले. मुद्रा दोघांचीही 'नामा'. आजच्या सूचीत हाच गोंधळ 'एस. कुमार', 'पी. रेड्डी' आणि 'आर. कुलकर्णी' घालतात. एकाच आद्याक्षराचे पाच जण एकाच खात्यावर जमा होतात. म्हणून २०१२ पासून ऑर्किड नावाची लेखकाची क्रमांक-पद्धत निघाली. दुसरा घोटाळा उलटा: ज्याने काही केले नाही त्याचे नाव. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमून नियम घालायला सुरुवात केली. आज त्यांचे म्हणणे असे, की कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात, अंतिम मजकुराला संमती आणि चुकीची जबाबदारी घेण्याची तयारी, या चारही गोष्टी असतील त्यालाच लेखक म्हणावे. विभागप्रमुख असणे यात बसत नाही. व्यवहारात बसवतात, हे आपण जाणतोच.

मोजणीवर बढती अवलंबून ठेवली की काय होते, ते आपल्याच देशात दिसले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिके तपासून 'करंट सायन्स'मध्ये लेख छापला. त्यांपैकी कसाला उतरली फक्त ११२. कोणाचा पत्ता नाही, कोणाचे संपादक नाहीत, कोणाचे प्रभाव-गुणांकाचे दावेच खोटे. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नावे यादीतून वगळली, आणि नवी यादी करण्याचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सुरू झाले. २०२५ च्या सुरुवातीला ती यादीही बंद झाली. आता संस्थांनी आपापले पारखून घ्यायचे आहे. दंतवैद्यकही यातून सुटलेले नाही. २०२३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाने दक्षिणेतल्या एका दंतमहाविद्यालयाविषयी लिहिले, की विद्यार्थ्यांकडून परीक्षेच्या चार तासांत लेख लिहून घेतात आणि त्यांत त्याच संस्थेच्या लेखांचे हवाले पेरले जातात. संस्थेला हा आक्षेप मान्य नव्हता. पण दाढ बसवून घेणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की 'आमच्या पद्धतीला इतक्या लेखांचा आधार' हे वाक्य दवाखान्याच्या पत्रकावर दिसले, तर लेख किती यापेक्षा कोणाचे, कोणत्या जोडावर आणि किती वर्षांचे, हे विचारणे जास्त कामाचे.

पुतण्यांना मी तेच विचारायला सांगितले. काकांचा जोड आतला, दाढ एकटी, खुंट एक. म्हणजे सव्वीस त्यांना लागू नाही. पण सुपारीची सवय आणि रात्री दात खाण्याची खोड हिशेबात धरली, तर 'विरळा'वरही विसंबून चालणार नाही. ती अट पुरी झाली होती का, हा खरा मुद्दा, आणि स्क्रू किती ताकदीने आवळला होता याची नोंद शहरातल्या कागदावर नव्हती.

आपल्या घरात कोणाची इम्प्लांटची कॅप हलू लागली तर घाबरू नका, पण थांबूही नका. कॅप फिरणे, चावताना आवाज येणे, त्या जागी अन्न अडकणे, वास येणे किंवा हिरडी सुजणे, या बहुतेक वेळा ढिल्या स्क्रूच्या खुणा. हाडातला खुंटच हलत असेल तर प्रकरण वेगळे आणि गंभीर. ते डॉक्टरच तपासून सांगतील. ढिल्या स्क्रूवर महिनोन्महिने चावत राहिले तर तो वाकतो आणि आतल्या आत तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढताना खुंटाचे आटे खराब होण्याची भीती असते. १९५६ मध्ये किनवट तिकडे गेले, मुधोळ इकडे आले. आपण मात्र दातांसाठी कधी नांदेडला जातो, कधी निजामाबादला, कधी हैदराबादला. बसवणारे डॉक्टर एका राज्यात आणि आवळणारे दुसऱ्या, हे आपल्या भागात नेहमीचेच. दर कंपनीच्या स्क्रूचे माथे वेगळे, पाने वेगळे. म्हणून निघताना कागद मागून घ्या: कंपनी, खुंटाची जाडी आणि लांबी, जोडाचा प्रकार, आवळण्याची ताकद, तारीख.

काकांच्या दाढेचे छिद्र उघडल्यावर जुना स्क्रू घासलेला निघाला. तो पुन्हा न वापरता नवा मागवला. ३५ ला आवळला, दहा मिनिटे थांबून पुन्हा आवळला. वरच्या दाताशी जिथे जास्त टेकत होते तिथे डॉक्टरांनी कॅप थोडी घासून दिली आणि रात्री लावायला तोंडातली पट्टी दिली. सुपारी सुटलेली नाही. काकूंनी ती सगळी मापे दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.